मानपत्र आणि नेमणूकपत्र

वर्ष संपत आले की विद्यापीठांच्या वार्तापत्रांत एक पान ठरलेले असते. अमुक विभागाच्या प्राध्यापकांना पुरस्कार मिळाला, तमुक प्राध्यापिकेची परदेशातील परिषदेसाठी निवड झाली, कोणा ग्रंथपालांना उत्कृष्ट सेवेबद्दल गौरविण्यात आले, कोणा प्रयोगशाळा सहायकाने तीस वर्षांची सेवा पूर्ण केली. नॅकची समिती यायची असेल तर हे पान जरा अधिकच सजते. त्यात गैर काही नाही. रेल्वे सप्ताहात आणि टपाल सप्ताहात आपल्याकडेही प्रशस्तिपत्रे दिली जातात, फोटो निघतात आणि ज्याला ते मिळते त्याच्या घरी त्या दिवशी गोडधोड होते. आपल्या कामाची कोणी दखल घेतली याचा आनंद खोटा नसतो.

आमचा प्रश्न त्या पानावर जे छापले जात नाही त्याबद्दल आहे. ज्याचा गौरव झाला तो कायम आहे की कंत्राटी? ते काम त्याने केले तेव्हा त्याच्या हाती कोणते नेमणूकपत्र होते, पगार कोठून येत होता आणि पुढच्या वर्षीच्या नोकरीचा काही भरवसा होता का? रेल्वे-टपालातील कामगाराला हा प्रश्न आपोआप सुचतो, कारण मस्टर रोल, हंगामी, विभागबाह्य हे शब्द त्याने पुस्तकात वाचून शिकलेले नाहीत. विद्यापीठाच्या बाबतीत मात्र तो सहसा विचारला जात नाही. प्राध्यापक म्हणजे सुखवस्तू माणूस, असा आपला समज आहे. तो समज तपासून पाहावा असे एक उदाहरण अलीकडेच साऱ्या जगासमोर घडले.

२०२३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डॉ. कॅटलिन कारिको आणि डॉ. ड्रू वाइसमन यांना मिळाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात या दोघांनी जे संशोधन केले, त्याच्या आधारावर कोविडची एमआरएनए लस तयार झाली. विद्यापीठाने मोठा समारंभ केला, आमच्या दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले म्हणून जगाला सांगितले. सांगण्यासारखीच गोष्ट होती. परंतु याच विद्यापीठाने १९९५ मध्ये डॉ. कारिको यांची पदावनती केली होती, हेही तितकेच खरे आहे.

कारिको १९५५ मध्ये हंगेरीत जन्मल्या. वडील खाटकाचा धंदा करीत. सेगेड विद्यापीठात शिकून त्या तेथीलच संशोधन केंद्रात लागल्या. १९८५ मध्ये निधी संपला म्हणून नोकरी गेली. नवरा आणि लहान मुलगी यांना घेऊन त्या अमेरिकेस निघाल्या. त्या काळी हंगेरीतून परकीय चलन बाहेर नेण्यावर कडक निर्बंध होते, म्हणून मोटार विकून जमवलेले सुमारे ९०० पौंड मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून नेले. आधी टेंपल विद्यापीठ, नंतर १९८९ पासून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ.

येथे त्यांच्या नेमणुकीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. त्या 'संशोधन सहायक प्राध्यापक' होत्या. नाव भारदस्त, पण ही जागा कायमपणाच्या वाटेवरची नव्हती. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यापीठांत अशा संशोधकाचा पगार बहुतांशी बाहेरून मिळवलेल्या अनुदानातून निघतो. अनुदान आणा, त्यातून स्वतःचा पगार काढा, प्रयोगशाळेचा खर्च भागवा आणि विद्यापीठालाही वाटा द्या, अशी ही रीत. अनुदान आले नाही तर नोकरीही नाही. ज्या ग्रामीण डाकसेवकाच्या शाखा डाकघरातील काम मोजून त्यावरून भत्ता ठरवला जातो, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कारिको यांचा विषय एमआरएनए. आपल्या पेशीच्या केंद्रात सर्व सूचनांचे मूळ दप्तर असते. ते दप्तर बाहेर जात नाही. त्यातील हवी ती सूचना उतरवून घेऊन पेशीच्या कारखान्यापर्यंत पोहोचवणारी चिठ्ठी म्हणजे एमआरएनए. चिठ्ठी पोहोचली की कारखाना त्याप्रमाणे प्रथिन बनवतो आणि चिठ्ठी थोड्याच वेळात नष्ट होते. आपण बाहेरून अशी चिठ्ठी लिहून पेशीला दिली तर हवे ते प्रथिन शरीर स्वतःच बनवील, ही कल्पना होती. अडचण अशी की बाहेरून आलेली चिठ्ठी शरीर परकी समजे आणि तिच्यावर तुटून पडे. दाह होई, प्रयोगातले प्राणी आजारी पडत. त्यामुळे या विषयाला अनुदान देण्यास कोणी तयार नव्हते. कारिको अर्ज करीत राहिल्या, नकार येत राहिले.

अनुदान नाही म्हणून १९९५ मध्ये त्यांना सांगण्यात आले की एक तर जा, नाही तर खालच्या पदावर काम करा. त्याच सुमारास कर्करोगाची शंका म्हणून त्यांच्या तपासण्या चालू होत्या आणि नवरा व्हिसाच्या अडचणीमुळे हंगेरीत अडकला होता. त्यांनी खालचे पद पत्करले. त्यांच्यावरील वृत्तांतांत असे आले आहे की विद्यापीठातील त्यांचा पगार वर्षाला ६०,००० डॉलरच्या वर कधी गेला नाही. त्या देशात आणि त्या क्षेत्रात ही रक्कम किती बेताची आहे हे तेथील कोणीही सांगेल.

दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, झेरॉक्स यंत्रापाशी त्यांची वाइसमन यांच्याशी ओळख झाली. वाइसमन नव्याने आले होते, त्यांच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा आणि निधी होता. दोघांनी एकत्र काम सुरू केले. शरीरात आरएनएचे इतरही प्रकार असतात आणि त्यांतील काहींवर शरीर चिडत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. त्या आरएनएच्या अक्षरांत शरीराने स्वतःच बारीक फेरफार केलेले असतात. मग त्यांनी आपल्या चिठ्ठीतील युरिडिन या अक्षराच्या जागी स्यूडोयुरिडिन हे त्याचे थोडे बदललेले रूप घातले. दाह थांबला, आणि पुढे असेही दिसले की प्रथिन पूर्वीपेक्षा अधिक तयार होते. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. फारशी कोणी दखल घेतली नाही. २०१३ मध्ये एके दिवशी आपले सामान प्रयोगशाळेबाहेर बोळात काढून ठेवलेले पाहिल्याची हकीगत कारिको यांनी स्वतः सांगितली आहे. त्याच वर्षी त्या जर्मनीतील बायोएनटेक या तेव्हा लहान असलेल्या कंपनीत गेल्या.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या अखेरीस फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना या दोन्ही लसी आल्या त्या याच बदललेल्या अक्षराच्या पायावर. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सीन ही या पद्धतीची लस नव्हे. मात्र पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपल्या देशात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. लस सहा महिने आधी किंवा नंतर येणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रेल्वेचे १,९५२ कर्मचारी कोविडने गेले, असे मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच सांगितले होते. त्यांत आपले पॉइंट्समन होते, लोको पायलट होते, तिकीट तपासनीस होते. टपाल खात्यातही घरोघरी औषधे आणि पैसे पोहोचवताना माणसे गेली.

विद्यापीठाला पुढे या शोधापासून अमाप उत्पन्न मिळाले. रॉयल्टी कमी दिली म्हणून २०२४ मध्ये विद्यापीठ बायोएनटेकविरुद्ध न्यायालयातही गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड झाली. जिच्या कामाला अनुदान मिळत नाही म्हणून तिची पायरी उतरवली, तिच्याच कामाच्या रॉयल्टीसाठी हा दावा. आम्ही यावर अधिक भाष्य करीत नाही.

कोणी म्हणेल, एवढे सोसूनही तिने शोध लावलाच ना? मग सेवेची शाश्वती हवी कशाला? हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. गँगमनचे बूट फाटलेले असतानाही रूळ सुरक्षित राहिला, मग बूट कशाला, असे म्हणण्यासारखेच ते आहे. कारिको टिकल्या म्हणून आपल्याला त्यांचे नाव कळले. त्यांच्यासारखे जे १९९५ च्या त्या वळणावर घरी गेले त्यांची नावे कोणत्याच वार्तापत्रात नाहीत. ज्यांना दोन मुले होती आणि नवऱ्याचीही नोकरी गेलेली होती, त्यांनी दुसरा कुठला तरी धंदा पाहिला असेल. त्यांच्याबरोबर काय काय गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्या विद्यापीठात आता एक वेगळी गोष्ट घडली आहे. मे २०२४ मध्ये तेथे शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मतदान करून मोठ्या बहुमताने आपली युनियन निवडली. ही युनियन युनायटेड ऑटो वर्कर्स या, मूळच्या मोटार कामगारांच्या, संघटनेशी संलग्न आहे. जुलै २०२५ मध्ये पीएच.डी. झालेल्या कंत्राटी संशोधकांनीही तोच मार्ग धरला. त्याआधी २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहाही संकुलांत सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी याच संघटनेच्या झेंड्याखाली संपावर गेले होते आणि त्यांनी वेतनवाढ पदरात पाडून घेतली. मोटारीचे दरवाजे बसवणारा कामगार आणि सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणारा संशोधक एकाच युनियनचे सभासद आहेत, हे आपल्याकडे अजून पचनी पडायचे आहे.

अमेरिकेला नावे ठेवून थांबावे असा आमचा हेतू नाही. विद्यापीठ नीट वागले तर काय होते याचे एक जुने उदाहरण आपल्याच उपखंडातले आहे, आणि त्यात टपालाचा हात आहे. ढाका विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस हे भौतिकशास्त्राचे प्रपाठक होते. जून १९२४ मध्ये त्यांनी आपला एक लहानसा लेख पाकिटात घालून बर्लिनला आइन्स्टाइन यांना पाठवला. ओळखदेख काही नाही. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला आणि बोसांना एक पोस्टकार्ड लिहिले. साधे पोस्टकार्ड! पण ते पाहून ढाका विद्यापीठाने बोसांना दोन वर्षांची रजा आणि युरोपला जाण्याची सोय मंजूर केली. परतल्यावर त्यांना प्राध्यापकपद मिळाले. डॉक्टरेट नव्हती, तरीही मिळाले. आइन्स्टाइन यांची शिफारस कामी आली. ज्यांच्या नावावरून विश्वातील मूलकणांच्या एका गटाला 'बोसॉन' म्हणतात, त्यांना त्यांच्या विद्यापीठाने रजा कापून किंवा बिनपगारी करून पाठवले नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते पाकीट आणि ते पोस्टकार्ड ज्यांनी थैलीतून, आगगाडीतून आणि बोटीतून पोहोचवले ते कोण होते, हे अर्थातच कोठे नोंदलेले नाही.

न नोंदलेल्या माणसांवरून आठवले. गौरवाच्या याद्यांत 'प्राध्यापक व कर्मचारी' असे शीर्षक असते, पण कर्मचाऱ्यांच्या वाट्याला बहुधा शेवटच्या दोन ओळी येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन हे १९०७ पासून दहा वर्षे अर्थखात्यात सरकारी नोकर होते. रंगून, नागपूर अशा बदल्याही त्यांनी भोगल्या. कलकत्त्यात असताना कचेरीच्या आधी आणि नंतर ते इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम करीत. तेथे त्यांचे मदतनीस होते आशुतोष डे. हे गृहस्थ विद्यापीठाची पायरी कधी चढले नाहीत. पण रामन यांच्या अनेक लेखांवर सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक लेख एकट्या डे यांच्या नावावर छापून आला. रामन यांनी मदतनिसाचे नाव गाळले नाही. आज किती प्रयोगशाळांत यंत्र दुरुस्त ठेवणाऱ्या तंत्रज्ञाचे, काच तापवून उपकरण घडवणाऱ्याचे, रात्री प्राण्यांना खाणे घालणाऱ्याचे नाव लेखावर येते? आता तर यांतील बरीच कामे बाह्यस्रोत ठेकेदाराकडे गेली आहेत. त्या माणसाचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते, विद्यापीठाच्या नव्हे. मग गौरवाच्या यादीत ते येणार कोठून?

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे हजारो प्राध्यापक आहेत. सीएचबी या तीन अक्षरांनी ते ओळखले जातात. घेतलेल्या तासापुरते पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, आजारपणाचे नाहीत. वर्षाच्या शेवटी नेमणूक संपते, नव्या वर्षी पुन्हा मुलाखत. यांतील अनेक जण नेट-सेट उत्तीर्ण आहेत, पीएच.डी. झालेले आहेत. आपल्या रेल्वे क्वार्टरांतून आणि पोस्टाच्या कॉलनीतून जी मुले शिकून वर आली, घराण्यात पहिली पदवीधर झाली, त्यांतील कितीतरी आज याच रांगेत उभी आहेत. बापाला पेन्शन आहे, प्रवासाचा पास आहे, दवाखान्याचे कार्ड आहे. डॉक्टरेट मिळवलेल्या मुलाला यांतले काही नाही. निवृत्त बापाच्या पेन्शनवर प्राध्यापक मुलाचा संसार चालतो, ही अतिशयोक्ती नव्हे. आणि नॅकच्या अहवालात त्याच मुलाचे शोधनिबंध महाविद्यालयाच्या खात्यावर जमा होतात.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक पगारापेक्षा कमी देऊ नये, असे स्पष्ट लिहिले होते. हा नियम किती ठिकाणी पाळला गेला हे वाचकांनी आपापल्या गावच्या महाविद्यालयात डोकावून पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ही १० टक्क्यांची मर्यादाच नव्हती. नियम पाळला जात नाही म्हणून पाळायला लावायचा, की नियमच काढून टाकायचा, हा पेच रेल्वेत रिक्त जागा 'सरेंडर' होताना आपण अनेकदा पाहिला आहे.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. गुजरातेतील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंत्राटी सहायक प्राध्यापक दरमहा ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षे शिकवत होते. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या नियमित सहकाऱ्याला लाखाच्या वर पगार. न्यायालयाने कंत्राटी अध्यापकांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन, थकबाकीसह, देण्याचा आदेश दिला.

वाचकांपैकी जुन्या टपाल कामगारांना हे शब्द ओळखीचे वाटतील. वाटलेच पाहिजेत. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी याच न्यायालयाने डाक-तार खात्यातील रोजंदारी कामगारांच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले होते: नियमित कामगाराच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन द्या, आणि त्यांना सामावून घेण्याची योजना करा. रेल्वेच्या प्रकल्पांवरील हंगामी मजुरांना १९८५ च्या इंद्रपाल यादव प्रकरणातून दिलासा मिळाला होता. विभागबाह्य टपाल कर्मचारी हे नागरी पदच धारण करतात, हा निकाल तर १९७७ चा. तारा ओढणाऱ्या आणि खांब रोवणाऱ्या रोजंदारी मजुराने जो हक्क १९८७ मध्ये मिळवला, तो अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला मिळायला पुढची अडतीस वर्षे लागली. यात आपल्या चळवळीचा अभिमान आहेच. पण विभागबाह्य हे नाव बदलून ग्रामीण डाकसेवक झाले तरी त्या बांधवाचे दुखणे अजून संपलेले नाही, हेही आपण जाणतो. तेव्हा प्राध्यापकांना शिकवण्याच्या आविर्भावात आपण बोलू नये. ते आणि आपण एकाच मस्टरवर आहोत, इतकेच.

म्हणून आमची सूचना अशी. पुढच्या वेळी मुलाच्या महाविद्यालयाचे वार्तापत्र घरी येईल, त्यात सत्कारांचे फोटो असतील, ते कौतुकाने पाहावेत. मग पालकांच्या सभेत उभे राहून चार गोष्टी विचाराव्यात: मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती, आणि त्यांना शेवटचे मानधन कोणत्या महिन्यात मिळाले. शाखांनी आपल्या गावच्या तासिका प्राध्यापकांना मासिक सभेला बोलवावे, त्यांना सेवापुस्तक आणि मस्टर कसे जपून ठेवायचे ते सांगावे.  सभेत उत्तर मिळाले नाही तर विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालये माहितीच्या अधिकाराखाली येतात. अर्जाचे शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. केंद्रीय विद्यापीठाकडे अर्ज करायचा असेल तर पोस्टल ऑर्डर चालते.